प्रेक्षक आहेत, दुसरी फळी नाही: अमेरिकन टीव्ही ॲनिमेशनची आजची अवस्था

पुण्यात कमर्शियल आर्टच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीचा प्रश्न आहे: "कार्टून नेटवर्कचा स्टुडिओ बंद झाला, मालिका रद्द होतायत, तिकडचे कलाकार बेकार बसलेत असं सतत वाचते. दुसरीकडे सिम्पसन्स अजून चालूच आहे आणि यूट्यूबवरची कार्टून कोट्यवधी लोक बघतात. अमेरिकन टीव्ही ॲनिमेशन खरंच संपत आलंय का? आणि मी तिकडे मास्टर्सला जावं का?"

थेट उत्तर आधी देते. संपत आलेलं नाही. बघणारे भरपूर आहेत, पैसाही आहे. पण नवशिक्याला हाताशी धरून काही वर्षांत अख्खी मालिका पेलणारा माणूस घडवायची जी व्यवस्था तिथे होती, ती मोडली आहे आणि तिच्या जागी दुसरी उभी राहिलेली नाही. जुने खांब शाबूत आहेत, दुसरी फळी तयार होत नाहीये. तुला शिरायचं आहे ते नेमकं त्याच फळीत, म्हणून हे नीट समजून घे. मी स्टोरीबोर्ड करते, म्हणजे मालिकेचा भाग आधी शॉटगणिक चित्रांत मांडते. सुरुवात मुंबईत, अमेरिकेतून येणाऱ्या मालिकांच्या कामावर झाली. पुढे लॉस एंजेलिसजवळच्या बरबँकमध्ये बोर्ड रिव्हिजनिस्ट (दुसऱ्यांच्या बोर्डात दुरुस्त्या करणारी) आणि मग बोर्ड आर्टिस्ट म्हणून काम केलं. त्यामुळे ही साखळी मी दोन्ही टोकांकडून पाहिली आहे.

आपल्याकडे आज तिशी-पस्तिशीत असलेल्या पिढीने शाळेतून घरी आल्यावर डेक्स्टर, जॉनी ब्राव्हो, पॉवरपफ गर्ल्स बघितल्या. या तिन्ही मालिका एकाच उपक्रमातून आल्या. कार्टून नेटवर्क १ ऑक्टोबर १९९२ला सुरू झालं तेव्हा दाखवायला होता तो मुख्यतः जुना साठा. १९९५मध्ये हॅना-बार्बेरा या कार्टून स्टुडिओचे तेव्हाचे प्रमुख फ्रेड सायबर्ट यांनी 'व्हॉट अ कार्टून' सुरू केलं: ४८ छोटी कार्टून, ज्याची कल्पना त्याच्याच हातात ती करायला द्यायची, आणि जे चालेल त्याची मालिका करायची. गेंडी टार्टाकोव्हस्की, क्रेग मॅक्रॅकन ही तेव्हा विशीतली मुलं होती. त्यांच्या नावावर कुठलंही यश नव्हतं.

इतकं धाडस वाहिनीला परवडायचं, कारण केबलचं गणितच तसं होतं. केबल जोडणी असलेल्या प्रत्येक घरामागे वाहिनीला दरमहा ठरावीक रक्कम मिळायची, त्या घरात कार्टून कुणी बघो वा न बघो. वरून खेळण्यांच्या आणि खाऊच्या जाहिराती. आणि चोवीस तासांचं वेळापत्रक भरायचं असायचं. एखादं कार्टून पडलं तरी वाहिनी बुडत नव्हती, आणि नवं काही केलं नाही तर वेळापत्रक रिकामं पडायचं. अशा ठिकाणी नवख्या माणसाला संधी द्यावीच लागते. निकेलोडियनने १९९१मध्ये डग, रगरॅट्स आणि रेन अँड स्टिम्पी एकाच दिवशी आणल्या, त्यामागेही हाच हिशेब होता.

आता फळी कशी तयार होते ते एका मालिकेवरून सांगते. २००८मध्ये 'फ्लॅपजॅक' नावाची एक मालिका आली. ती दोनच वर्षं चालली, आपल्याकडे फारशी कुणाला आठवतही नसेल. पण तिच्या खोलीत, म्हणजे टीम एकत्र बसून काम करते तिथे, कोण कोण बसायचं बघ: पेंडल्टन वॉर्ड, ज्याने पुढे 'ॲडव्हेंचर टाइम' केलं. जे. जी. क्विंटेल, ज्याने 'रेग्युलर शो' केला. ॲलेक्स हर्श, ज्याने डिस्नेत जाऊन 'ग्रॅव्हिटी फॉल्स' केलं. पॅट मॅकहेल, ज्याने 'ओव्हर द गार्डन वॉल' केलं. मग ॲडव्हेंचर टाइमच्या खोलीतून रिबेका शुगर यांची 'स्टीव्हन युनिव्हर्स' निघाली, आणि शुगर यांची तिथली सुरुवात रिव्हिजनिस्ट म्हणूनच झाली होती. ग्रॅव्हिटी फॉल्सच्या टीममधून मॅट ब्रेलीची 'ॲम्फिबिया' आणि डाना टेरेसची 'द आउल हाउस' निघाली. एका दोन वर्षांच्या मालिकेतून पुढच्या पंधरा वर्षांचं अमेरिकन टीव्ही ॲनिमेशन उगवलं, असं म्हणायला हरकत नाही.

या खोलीत नेमकं काय शिकायला मिळतं? तिथल्या अनेक मालिका 'बोर्ड-ड्रिव्हन' होत्या. म्हणजे पूर्ण संहिता नसते. अकरा मिनिटांच्या भागासाठी दोन बोर्ड आर्टिस्टच्या जोडीला दोन-तीन पानांची आउटलाइन मिळते. संवाद, विनोद, शॉट सगळं त्यांनी चित्र काढत काढत लिहायचं. मग पिच होतो: छोटी छोटी चित्रं भिंतीवर लावायची किंवा पडद्यावर टाकायची आणि सगळ्या टीमसमोर उभं राहून प्रत्येक पात्राच्या आवाजात भाग करून दाखवायचा. खोली हसली नाही तर विनोद गेला. त्यानंतर नोट्स. रिव्हिजनिस्ट मागे बसून त्या नोट्स उतरवतो आणि पुढचे काही दिवस त्याप्रमाणे शेकडो चित्रं बदलतो. दिसायला हे काम हमालीचं, पण खरं शिक्षण तेच.

मला मिळालेली एक नोट अजून डोक्यात पक्की आहे. पात्र दार उघडून खोलीत येतं आणि आत काहीतरी भयंकर असतं, असा प्रसंग होता. मूळ बोर्डात कॅमेरा खोलीच्या आत होता. दिग्दर्शकाने सांगितलं, कॅमेरा बाहेर ने, पात्राच्या पाठीमागे. कॅमेरा आत असला की प्रेक्षकाला आधी कळतं आणि तो पात्राची काळजी करतो. बाहेर असला की दोघांना एकदम कळतं आणि दोघे एकदम दचकतात. दोन्ही बरोबर आहेत, पण या भागात प्रेक्षकाने पात्राच्या पुढे जायचं नव्हतं, कारण पुढचा सगळा भाग त्या दोघांच्या एकत्र गोंधळण्यावर उभा होता. असं शहाणपण वर्गात बसून मिळत नाही. रोज कुणीतरी अनुभवी माणूस तुमच्या चित्रावर बोट ठेवून सांगतो तेव्हाच ते मुरतं, आणि त्यासाठी मालिका लांब चालावी लागते. ॲडव्हेंचर टाइमचे २८३ भाग झाले. २८३ भागांत माणूस रिव्हिजनिस्टचा बोर्ड आर्टिस्ट होतो, बोर्ड आर्टिस्टचा दिग्दर्शक होतो, आणि मग स्वतःची कल्पना घेऊन दार ठोठावतो.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. अमेरिकन टीव्ही मालिकेतलं प्रत्यक्ष ॲनिमेशन, म्हणजे हालचालीची चित्रं, कित्येक दशकं बहुतांश अमेरिकेबाहेर होतं. लॉस एंजेलिसमध्ये लेखन, बोर्ड, पात्रांची आणि पार्श्वभूमीची डिझाइन, रंग, आवाज, ॲनिमॅटिक (बोर्डाची चित्रं आवाजासोबत जोडलेला कच्चा व्हिडिओ) आणि टायमिंग होतं. मग सगळं बाड कोरियाला जातं. सिम्पसन्सचं काम सोलमध्ये होत आलंय, ॲडव्हेंचर टाइमचं साएरोम आणि सनमिन या कोरियन स्टुडिओंनी केलं. अलीकडे व्हँकुव्हर आणि आयर्लंडकडे पुष्कळ काम गेलं, कारण तिथे सरकारी करसवलती घसघशीत आहेत. बाहेर काम जाऊ नये म्हणून तिथल्या युनियनने, म्हणजे आजच्या ॲनिमेशन गिल्डने, १९७९ आणि १९८२मध्ये संप केले. पहिल्यांदा काही पदरात पडलं, दुसऱ्यांदा हरले. त्या हरण्यानंतर ॲनिमेटर होऊन टीव्हीत शिरण्याची अमेरिकेतली वाट जवळपास मिटली. उरली ती बोर्ड आणि डिझाइनची वाट. आज आकसते आहे ती हीच उरलेली वाट, म्हणून मार जास्त बसतोय.

मग बिघडलं कुठे? २०१४च्या सुमाराला बोजॅक हॉर्समॅनपासून नेटफ्लिक्स ॲनिमेशनमध्ये जोरात उतरलं. पुढे सगळ्यांनीच स्वतःचे स्ट्रीमिंग मंच काढले आणि वर्गणीदार खेचायला मालिका मागवायचा सपाटा लावला. कोविडच्या काळात चित्रीकरण थांबलं, पण ॲनिमेशन घरातून होऊ शकत होतं, त्यामुळे तेजी आणखी वाढली. शिकून बाहेर पडलेल्या प्रत्येकाला काम होतं. एप्रिल २०२२मध्ये नेटफ्लिक्सने दोन लाख वर्गणीदार घटल्याचं जाहीर केलं, शेअर कोसळला, आणि त्याच आठवड्यांत त्यांच्या ॲनिमेशन विभागातली माणसं आणि मालिका कापल्या गेल्या. त्यात 'बून्स अँड कर्सेस' नावाची, आपल्या उपखंडातल्या पुराणकथांच्या वळणाची एक कल्पनारम्य मालिकाही होती. मला तिचं फार वाईट वाटलं. असं काही मोठ्या मंचावर येण्याची ती दुर्मीळ संधी होती.

त्याच एप्रिलमध्ये कार्टून नेटवर्कची मालक वॉर्नर आणि डिस्कव्हरी एक झाले. नव्या कंपनीच्या डोक्यावर प्रचंड कर्ज होतं. ऑगस्ट २०२२मध्ये त्यांच्या एचबीओ मॅक्स या स्ट्रीमिंग मंचावरून डझनावारी कार्यक्रम काढले गेले आणि त्यात ॲनिमेशनचा वाटा मोठा होता. 'इन्फिनिटी ट्रेन'चे चारही भागसंच, एकूण ४० भाग, एका फटक्यात गेले. कार्यक्रम मंचावर असला की काही देणी चालू राहतात. तो काढून टाकला आणि हिशेबात त्याची किंमत शून्य दाखवली की देणी थांबतात आणि करातही फायदा मिळतो. व्यवस्थापनाच्या वहीत ही शहाणी खेळी असेल, पण ज्याने तीन-चार वर्षं त्यावर घालवली त्याच्या हाती काय राहिलं? नव्या कामासाठी अर्ज करताना "हे माझं काम, इथे बघा" म्हणायला अधिकृत जागाच उरली नाही. आजही कितीतरी चांगले लोक स्वतःच्या कामाच्या जपून ठेवलेल्या प्रती दाखवून मुलाखती देतात.

ऑक्टोबर २०२२मध्ये कार्टून नेटवर्क स्टुडिओज आणि वॉर्नर ब्रदर्स ॲनिमेशन यांची यंत्रणा एकत्र केली गेली. २०२३मध्ये बरबँकमधली कार्टून नेटवर्कची इमारत रिकामी झाली. तिच्या जिन्याच्या भिंती कलाकारांनी वर्षानुवर्षं काढलेल्या चित्रांनी भरलेल्या होत्या. नवा माणूस त्या जिन्यावरून चढताना आपल्या आधीच्यांचे हात बघत वर जायचा. स्टुडिओचं नाव कागदोपत्री आहे, मालिकाही थोड्याफार निघतात, पण एका छताखाली सहा मालिकांच्या टीम बसायच्या, जेवायला एकत्र जायच्या आणि एकमेकांचे पिच ऐकायला डोकवायच्या, ते संपलं. वरती मालकीचे डावही चालू राहिले. डिसेंबर २०२५मध्ये वॉर्नरसाठी नेटफ्लिक्स आणि पॅरामाउंट यांच्यात उघड चढाओढ लागली. पॅरामाउंट स्वतः त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये स्कायडान्सकडे गेलेलं. मालक बदलायच्या बेतात असला की खालचा अधिकारी नव्या मालिकेवर सही करत नाही. असे महिनेच्या महिने जातात आणि कलाकार घरी बसून राहतो.

पण माझ्या मते सगळ्यात खोल घाव रद्द होण्याचा नाही, लांबी कमी होण्याचा आहे. स्ट्रीमिंगला आठ किंवा दहा भाग पुरतात. केबलला वेळापत्रक भरायचं होतं, स्ट्रीमिंगला फक्त वर्गणीदार टिकवायचा असतो, आणि नवा वर्गणीदार पहिल्या सीझनला जितका येतो तितका तिसऱ्याला येत नाही. आठ भागांच्या मालिकेची टीम वर्ष-दीड वर्षात मोकळी होते. पुढचा सीझन मंजूर झाला तर तोपर्यंत निम्मे लोक दुसरीकडे गेलेले असतात. इतक्या कमी वेळात शिकवायला कुणाला सवड नसते, म्हणून स्टुडिओ आधीच तयार असलेला माणूस घेतात. दहा वर्षांचा अनुभव असलेला दिग्दर्शक आज बोर्ड आर्टिस्टची जागा घेतो, बोर्ड आर्टिस्ट रिव्हिजनिस्टची, आणि रिव्हिजनिस्टच्या जागेवर नवा कुणी येतच नाही.

यात आरोग्यविम्याचं दुखणं आहे. गिल्डच्या सभासदाचा विमा कामाच्या तासांवर चालतो. एकदा पात्र झाल्यावर तो टिकवायला सहा महिन्यांत ४०० तास भरावे लागतात. दोन कामांमधलं अंतर लांबलं की विमा जातो. शिवाय मालिका पुन्हा पुन्हा दाखवली गेली की अभिनेत्यांना किंवा रायटर्स गिल्डच्या लेखकांना रेसिड्युअल, म्हणजे पुनःप्रक्षेपणाचा मोबदला, घरपोच मिळतो. ॲनिमेशन गिल्डच्या कलाकारांना तसा वैयक्तिक धनादेश येत नाही, तो पैसा पेन्शन आणि आरोग्याच्या सामाईक निधीत जातो. सिम्पसन्ससारख्या काही मालिकांचे लेखक रायटर्स गिल्डमध्ये आहेत, म्हणून तिथली स्थिती वेगळी. एरवी ॲनिमेशन लिहिणाऱ्याला आणि काढणाऱ्याला दोन कामांच्या मधे पोसणारं काही नसतं.

मग सिम्पसन्स, फॅमिली गाय वगैरे कसे टिकून आहेत? एप्रिल २०२५मध्ये फॉक्सने सिम्पसन्स, फॅमिली गाय, बॉब्ज बर्गर्स आणि अमेरिकन डॅड या चौघांना एकदम चार-चार सीझन दिले, म्हणजे २०२८-२९पर्यंतची निश्चिंती. साउथ पार्कच्या स्ट्रीमिंग हक्कांसाठी पॅरामाउंटने पाच वर्षांसाठी दीडशे कोटी डॉलर मोजले. प्रौढांची विनोदी कार्टून स्ट्रीमिंगवर पुन्हा पुन्हा, पार्श्वसंगीतासारखी बघितली जातात आणि सिम्पसन्सकडे आठशेच्या घरात भाग साठलेले आहेत. असा साठा नव्याने उभा करायला पस्तीस वर्षं लागतात. म्हणून पैसा जुन्याकडेच वळतो: २०२३मध्ये फ्युचरामा परत आलं, २०२५मध्ये किंग ऑफ द हिल, आणि डिस्नेने फिनियस अँड फर्बचे ४० नवे भाग मागवले. फिनियस अँड फर्ब करणारे पोव्हनमायर आणि मार्श तयार झाले ते सिम्पसन्स आणि रॉकोज मॉडर्न लाइफ यांसारख्या मालिकांवर काम करून. पुनरागमन जरूर करावं, मीही आवडीने बघते, पण वीस वर्षांनी पुनरागमन कशाचं करणार? आज काहीतरी नवं रुजवलं तरच ना.

नवं रुजत नाही असंही नाही. 'स्कॅव्हेंजर्स रेन' २०२३मध्ये आली. परग्रहावरच्या जीवसृष्टीचं इतकं विचारपूर्वक केलेलं चित्रण टीव्हीवर मी दुसरं पाहिलेलं नाही. एकाच सीझननंतर ती बंद झाली. पण तिच्या दोन निर्मात्यांपैकी जो बेनेट यांनी स्टीव्ह हेली यांच्यासोबत २०२५मध्ये ॲडल्ट स्विम या प्रौढांच्या कार्टून वाहिनीवर 'कॉमन साइड इफेक्ट्स' आणली आणि तिला दुसरा सीझन मिळाला. कल्पनेला चिकटून राहणारा छोटा गट टिकला तर असं होतं. अशा जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत.

मुलांच्या कार्टूनची अवस्था याहून बिकट आहे आणि त्याची मला जास्त काळजी वाटते. २०२४मध्ये अमेरिकेत स्ट्रीमिंगवर सगळ्यात जास्त बघितला गेलेला कार्यक्रम 'ब्लुई' होता, प्रेक्षकसंख्या मोजणाऱ्या नील्सन कंपनीनुसार ५,५६२ कोटी मिनिटं. ब्लुई ऑस्ट्रेलियाची. ब्रिस्बेनच्या छोट्या स्टुडिओने केलेली आणि त्यांच्या सरकारी प्रसारण संस्थेच्या व बीबीसीच्या पाठिंब्याने उभी राहिलेली. म्हणजे मुलांनी कार्टून बघणं सोडलेलं नाही, अमेरिकेने त्यांच्यासाठी नवं करणं कमी केलंय. याच्या उलट अमेरिकेत काय झालं? पीबीएस या तिथल्या सार्वजनिक वाहिनीवरच्या मुलांच्या मालिकांना आधार देणारं 'रेडी टू लर्न' हे शिक्षण खात्याचं अनुदान मे २०२५मध्ये बंद केलं गेलं आणि जुलैमध्ये अमेरिकी संसदेने सार्वजनिक प्रसारणाचे ११० कोटी डॉलर काढून घेतले.

मुलं गेली यूट्यूबवर. तिथे २०१९मध्ये मुलांची माहिती परवानगीविना गोळा केल्याबद्दल गुगलला १७ कोटी डॉलरचा दंड झाला आणि २०२०पासून मुलांसाठीच्या व्हिडिओंवर वैयक्तिक माहितीवर आधारलेल्या जाहिराती बंद झाल्या. मुलांच्या खासगीपणासाठी ते योग्यच होतं. परिणाम मात्र असा झाला की मुलांचं स्वतंत्र, मेहनतीचं ॲनिमेशन करून यूट्यूबच्या जाहिरातींवर जगणं अवघड झालं. स्वस्तात ढिगाने काढता येणारी बालगीतं तेवढी परवडतात.

म्हणून यूट्यूबवरचं नावाजलेलं स्वतंत्र ॲनिमेशन किशोर आणि तरुणांसाठी असतं. व्हिव्हियन मेड्रानो यांनी २०१९मध्ये 'हॅझबिन होटेल'चा पायलट, म्हणजे नमुन्याचा पहिला भाग, चाहत्यांच्या वर्गणीवर करून यूट्यूबवर टाकला आणि जानेवारी २०२४मध्ये तो मालिका होऊन प्राइम व्हिडिओवर आला. गूजवर्क्स या अमेरिकन कलाकाराची 'द अमेझिंग डिजिटल सर्कस' सिडनीच्या ग्लिच स्टुडिओने काढली, तिच्या पायलटला तीस कोटींच्या पुढे व्ह्यूज आहेत. आउल हाउस डिस्नेने आखडून संपवल्यावर डाना टेरेसही ग्लिचकडेच गेली आणि सप्टेंबर २०२५मध्ये 'नाइट्स ऑफ ग्विनेव्हिअर'चा पायलट आला. ग्लिचचा पैसा मुख्यतः वस्तूविक्रीतून येतो: बाहुल्या, टी-शर्ट, पोस्टर.

मला या लोकांबद्दल मनापासून आदर आहे. पण यातून दुसऱ्या फळीचा प्रश्न सुटला असं मी म्हणणार नाही. या टीम छोट्या, जगभर विखुरलेल्या, बऱ्याच जणांचं काम कंत्राटी आणि युनियनबाहेरचं. वर्षाला जेमतेम तीन-चार भाग निघतात. ज्याच्याकडे आधीच दृष्टी आणि हात दोन्ही आहेत त्याच्यासाठी ही जागा उत्तम. ज्याला अजून दोन्ही कमवायचे आहेत, त्याला इथे रोज चित्रावर बोट ठेवून सांगणारं क्वचितच कुणी भेटतं.

एआयबद्दल विचारशीलच, म्हणून थोडक्यात. गिल्डने २०२४च्या डिसेंबरमध्ये नव्या कराराला मान्यता दिली, त्यात पगारवाढ आहे आणि एआय वापरताना स्टुडिओने कळवण्याच्या, चर्चा करण्याच्या अटी आहेत, बंदी नाही. बऱ्याच सभासदांना तो करार तोकडा वाटला आणि मलाही वाटला. एआय उद्या मालिका लिहील का, हा वाद मला महत्त्वाचा वाटत नाही. क्लीनअप, रंग भरणं, पार्श्वभूमीच्या आवृत्त्या, बोर्डातल्या छोट्या दुरुस्त्या ही कामं आधी जातील. नवा माणूस शिकतो तो त्याच कामांवर, त्यामुळे शिडीची खालची पायरी आणखी एकदा कापली जाईल.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे. आज कर्ज काढून, तिकडे नोकरी लागेल या भरवशावर अमेरिकेला मास्टर्सला जाऊ नकोस. सप्टेंबर २०२५पासून देशाबाहेरून येणाऱ्या माणसासाठी नवा एच-वन-बी (नोकरीच्या व्हिसाचा) अर्ज करणाऱ्या कंपनीला एक लाख डॉलर शुल्क लागतं. तिथेच शिकलेल्यांना त्यातून वाट आहे, पण बरबँकमध्ये अनुभवी माणसं रांगेत असताना कुठलाही स्टुडिओ पहिल्या नोकरीसाठी व्हिसाच्या भानगडीत पडणं अवघड आहे. पूर्ण शिष्यवृत्ती मिळाली, किंवा घरची परिस्थिती अशी असेल की पैसे परत मिळवायची घाई नाही, तर गोष्ट वेगळी. शिक्षण तिथे चांगलंच मिळतं. कॅलिफोर्नियाने जुलै २०२५मध्ये करसवलतीचा निधी वर्षाला ७५ कोटी डॉलरवर नेला आणि ॲनिमेशनलाही त्यात घेतलं, त्यामुळे काही काम परत येईल. त्याचा फायदा आधी तिथे बसून राहिलेल्यांना मिळेल, आणि तो मिळायलाच हवा.

मुंबईचं चित्रही गुळगुळीत नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये टेक्निकलर हा ॲनिमेशन आणि व्हीएफएक्सचा समूह कोसळला, तेव्हा बंगळुरू आणि मुंबईतले हजारो लोक जवळजवळ एका रात्रीत रस्त्यावर आले. अमेरिकेतली मागणी आटली की इथली पाइपलाइन आटते, हे आम्ही आधीही अनुभवलंय. तरी इथे एक फरक आहे. परदेशी मालिकांवर इथे शॉट करताना आठवड्याला ठरावीक सेकंदांचा कोटा असतो, लीड, म्हणजे टीमचा प्रमुख, रोज शॉट बघतो, नोट्स येतात, रिटेक होतात. म्हणजे रोज बोट ठेवून सांगणारं कुणीतरी असतं. मुंबईच्या एटीएट पिक्चर्सने 'स्टार वॉर्स: व्हिजन्स'मधला 'द बँडिट्स ऑफ गोलाक' २०२३मध्ये केला, त्यात गोष्ट आणि मांडणी इथली होती, नुसती अंमलबजावणी नव्हती. ते बघ आणि त्याचे शॉट मोजून बघ.

पहिली नोकरी मुंबईत, पुण्यात किंवा हैदराबादला घे, जिथे दिग्दर्शक स्वतः नोट्स देतो अशा ठिकाणी. मुलाखतीत हे सरळ विचार: माझ्या बोर्डवर नोट्स कोण देणार? उत्तर "प्रॉडक्शन कोऑर्डिनेटर ईमेल करेल" असं आलं तर दुसरीकडे बघ. सॉफ्टवेअरच्या मागे धावू नकोस. स्टोरीबोर्ड प्रो महिन्याभरात येतं, कॅमेरा दाराच्या आत ठेवायचा की बाहेर हे यायला वर्षं लागतात. पोर्टफोलिओत तीनच सीक्वेन्स ठेव: एक विनोदी, एक हाणामारीचा, एक दोन माणसं नुसती बोलत बसलेली. तिसराच सगळ्यात जास्त बघितला जातो आणि मुलं तोच टाळतात.

आणि आत्ता, नोकरीच्या आधी, टार्टाकोव्हस्की यांच्या 'प्रायमल'चा पहिला सीझन घे. त्यात संवाद जवळजवळ नाहीत. त्यातली कुठलीही दोन मिनिटं निवड, प्रत्येक शॉट थांबवून छोट्या चौकटीत काढ, आणि खाली एका ओळीत लिही की कॅमेरा इथेच का आहे. मग तोच प्रसंग तुझ्या ओळखीच्या जागी, मंडईत किंवा स्वारगेटच्या फलाटावर, तुझ्या पात्रांनिशी पुन्हा बोर्ड कर. झाला की पाठव, मी नोट्स देईन.